आक्कांची तहान

माझ्या सासूबाई, म्हणजे आक्का, द्राक्षवेलींशी बोलायच्या यात नवल नव्हतं. विंचूरकडे आमच्या शिवारात बरेच जण बोलतात. पण आक्का वेलींसाठी तहानलेल्या राहायच्या. मी हे डोळ्यांनी पाहिलं नसतं, तर कुणी शपथेवर सांगूनही मानलं नसतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ह्यांनी खायच्या द्राक्षांची बाग काढून वाइनची लावली, मळ्यातच छोटी वायनरी बांधली. पहिले घड पाहून आक्कांनी नाक मुरडलं, "ही काय करवंदं लावली रे?" आणि लगेच पदरानं घडांवरची धूळ पुसायला लागल्या.

रस दाट व्हावा म्हणून या वेलींचं पाणी काढणीआधी तोडतात. हे आक्कांच्या काही पचनी पडेना. पहिल्याच हंगामात त्यांनी पहाटे गुपचूप ठिबक सिंचनाचा कॉक सोडला. पकडल्यावर वर म्हणाल्या, "लेकरं तहानली हायेत, आन् मी बघत बसू व्हय?" वाइन पाणचट झाली, कुणी घेतली नाही. हे हताश होऊन म्हणाले, "आक्के, अजून एक हंगाम असा गेला, तर बाग मोडावी लागंल."

पुढच्या वर्षी पाणी तोडलं त्या दिवशी आक्का कॉकपाशी घोंगडी टाकून स्वतःच राखणीला बसल्या, आणि सूर्य मावळेपर्यंत पाण्याला शिवल्या नाहीत. काढणी होईस्तोवर रोज हेच. मी तांब्या घेऊन गेले, तर म्हणाल्या, "त्यांना कोरडं ठिवून माझ्या घशाखाली घोट उतरत नाय, पोरी." त्या वर्षीच्या वाइननं आमचं नाव केलं. पुढे दर वर्षी आक्कांचं हे व्रत चाललं. मी वरवर थट्टा करायचे, मनातून हात जोडायचे.

शेवटचं आजारपण आलं, तेही ऐन पाणी तोडलेल्या दिवसांत. डॉक्टरांनी घोटघोट पाणी पाजायला सांगितलं होतं, पण चमचा पुढे केला की आक्का ओठ मिटून घ्यायच्या. एका दुपारी पुटपुटल्या, "वेलींचं झालं का?" काढणी अजून दूर होती. हे उठले, भर उन्हात गेले आणि साऱ्या बागेला पाणी सोडून आले. चिखलानं भरलेले हात पुढे धरून म्हणाले, "आक्के, प्यायल्या बघ." आक्कांनी त्या हातांकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. संध्याकाळी त्या गेल्या.

त्या वर्षीची वाइन पाणचटच झाली. ह्यांनी ती विकली नाही, ओतूनही दिली नाही. दर वर्षी बागेचं पाणी तोडलं, की सकाळी हे तिच्यातला एक घोट घेतात, आणि मग सूर्य मावळेपर्यंत पाणी मागत नाहीत.