फोनवरून घर चालवणारी आते

अबुधाबीजवळच्या मुसफ्फामधल्या आमच्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात दोनशे पुरुष होते आणि ते सगळे मिळून एका बाईला घाबरत. उंचीला जेमतेम माझ्या खांद्याएवढी ही फिलिपिनो बाई ड्रॉइंगांचं रेकॉर्ड सांभाळायची. तिच्या लोकांचं ऐकून आम्हीही तिला 'आते' म्हणायचो. त्यांच्यात थोरल्या बहिणीला तसं म्हणतात. रद्द झालेलं ड्रॉइंग वर्कशॉपमध्ये दिसलं, की ती हेल्मेट चढवून ठिणग्यांमधून चालत जायची आणि वेल्डरच्या हातून कागद काढून घ्यायची. एकदा आमचा धिप्पाड फोरमन "दो मिनट" म्हणाला. ती मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बरोबर दोन मिनिटं त्याच्यापुढे उभी राहिली, "खलास" म्हणाली आणि कागद घेऊन आली.

पण थक्क व्हावं ते लंच टाइमला. समोर भात आणि सुका मासा, कानाशी फोन, आणि बाई समुद्रापलीकडचं घर चालवतेय. छपराला रंग कुठला, धाकट्या भावाने नर्सिंग घ्यायचं की नाही, बापाच्या डोळ्याचं ऑपरेशन कधी. मध्येच स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या नवऱ्याला, लसूण आधी, कांदा नंतर. लेकीचा ताप तिने म्हणे फोनवरूनच उतरवला. हे मी घरी कौतुकाने सांगितलं, तर बायको म्हणाली, "तुम्ही शेजारच्या खोलीतून तरी कधी उतरवलाय का?"

हे सगळं मी रोज ऐकत होतो, हे ध्यानात ठेवा. कारण मंदी आली, दुबईतली कामं थांबली, आणि माझ्या विभागातून कमी करायला एक नाव द्या असा निरोप आला. एकीकडे आते, दुसरीकडे पुण्याचा एक प्लॅनर. काम तिचं त्याच्या दुप्पट. मी तिचं नाव लिहिलं. त्याच्यामागे संसार आहे, हिला काय, नवरा आहे. इतक्या वर्षांत हे मी कुणाला बोललो नाही.

पत्र हातात घेऊन ती माझ्या केबिनमध्ये आली. "सर, माझंच नाव का?"

"तुला नवरा आहे. तो सांभाळेल, असं वाटलं असेल त्यांना," मी टेबलाकडे बघत म्हणालो.

ती हसली. "तो घर सांभाळतोच, सर. घरातली अकरा माणसं मी सांभाळते." मग जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं की नाही, मला आजही ठाऊक नाही. तिने विचारलं, मॅडम नोकरी करतात का? मी नाही म्हटलं. बायकोला शाळेत शिकवायचं होतं आणि मीच अडवत होतो, हे काही मी तिला सांगितलं नाही.

"करू द्या, सर. दिवस वाईट आहेत. एका पुरुषाच्या भरवशावर घर ठेवू नका."

त्याच आठवड्यात मी बायकोला हो म्हटलं. पुढच्या वर्षी कुणीतरी माझंही नाव लिहिलं, आणि आठ महिने आमचं घर तिच्या शाळेवर चाललं. आते तोवर कुठे गेली होती कोण जाणे. कुणी दोहा म्हणायचं, कुणी मायदेशी परतली म्हणायचं. मीही नीट चौकशी केली नाही, धीर झाला नाही. बायको मात्र अजून पाहुण्यांना सांगते, "ह्यांनी स्वतःहून मला नोकरीला लावलं हो." लोक माझ्याकडे आदराने बघतात, आणि मी मान खाली घालून चहा पीत राहतो.