अजून काय नक्की नाय

मित्रांनो, आज दुपारी जेवताना स्वतःचीच लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

आमची सई नववीत आहे. बारावीनंतर मोठ्या कॉलेजात जायचं म्हणून तयारी आतापासूनच चालली आहे. मुंबईतल्या एका विज्ञान शिबिराचा अर्ज तिने रविवारीच भरला. जागा मोजक्या, आणि मुदत आज संपणार.

जेवताना तिच्या मैत्रिणीचा, तन्वीचा फोन आला, सईने तो स्पीकरवर घेतला. कोळीवाड्यातली पोर, गणितात सईच्या चार पावलं पुढे.

"शिबिराचं काय कळलं काय गं?"

सई शांतपणे म्हणाली, "नाय गं, अजून काय नक्की नाय."

खरं सांगतो, आधी मला हसू आलं. पोरगी हुशार निघाली! मग कानाला खटकलं. सूर माझाच होता. तारापूरला माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. नव्या कामाबद्दल दुसऱ्या वर्कशॉपवाल्याने विचारलं की मी अगदी असंच सांगतो.

"कळलं की सांग हां, मी तुझ्याच भरवशावर हाय," म्हणत तन्वीने फोन ठेवला.

"खोटं का बोललीस गं?"

"पप्पा, तुमी बोलता ते खोटं असतं?"

मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता तिला फोन लाव."

सई रडवेली झाली. "कुठल्या तोंडाने सांगू? तुमीच सांगा."

मीच फोन लावून सांगितलं, अर्ज सुरू आहेत आणि मुदत आजच संपते. तन्वी म्हणाली, "थँक्यू काका, बरं झालं सांगितलंत. सईला पण सांगा हां, नायतर तिचा अर्ज राहून जायचा."

मी "हो" म्हटलं.

तुम्ही काय म्हटलं असतं?