बंब मोडीत काढताना

तांबटाने बंबाच्या पोटावर बोटांनी टकटक केलं आणि कान लावला. आमचा तांब्याचा बंब तळाशी गळू लागला होता. तो मोडीत देऊन गीझर घ्यायचा, असं बाबांनी जाहीर केलं होतं. आईचा जीव मात्र बंबात होता. ती श्वास रोखून उभी होती.

"हा म्हातारा नाही झाला, वहिनी," तांबट म्हणाला. "कोणीतरी गरम पाणी काढून घेतं आणि गार ओतत नाही. खाली विस्तव असतोच. कोरडा तापला की सांधा उकलतो."

जितकं गरम घ्याल तितकं गार ओतायचं, एवढाच बंबाचा नियम. आपली अंघोळ उरकताना पुढच्याची सोय करून निघायचं. रोज सकाळी इतक्या सहज दुसऱ्याची आठवण करून देणारी वस्तू घरात दुसरी नसेल.

आमच्याकडे शेवटची अंघोळ बाबांची. सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या.

"माझ्यानंतर असतं कोण?" बाबा म्हणाले.

"बंब असतो ना!" आई म्हणाली. तांबटासकट सगळे हसले. बाबा जरा उशिरा, पण सगळ्यात मोठ्याने.

"भाऊ, उकललेला सांधा डाख लावून जोडा," आईने निकाल दिला. "गीझर यांच्यापुरता घेऊ."