दिराची साक्ष

मुलींच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर मी निवडणूक लढवली, तीही अपक्ष, आणि निवडून आले. कोणतं सभागृह ते लिहीत नाही. त्यातली माणसं अजून मंडईत भेटतात, लांबून हाक मारून बोलतात. तेवढं मला टिकवायचं आहे.

पहिल्याच वर्षी आमच्या भागात नव्या नळांना गढूळ पाणी आलं आणि घराघरात कावीळ पसरली. जलवाहिनीची तपासणी पुरी व्हायच्या आतच पाणी सोडलं होतं. ते कुणाच्या सांगण्यावरून सोडलं, हे शोधायला सभागृहानं सदस्यांची चौकशी समिती नेमली. सत्ताधारी म्हणाले अध्यक्ष आमचा, विरोधक म्हणाले आमचा. भांडून दोन्ही बाजू दमल्या तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "बाईंना करा की!" आणि मी अध्यक्ष झाले.

पहिल्या बैठकीत पाणीपुरवठ्याचा अभियंता म्हणाला, "पाणी सोडा म्हणून मला फोन आला होता." कुणाचा, असं विचारल्यावर त्यानं नाव घेतलं. ते सत्ताधारी पक्षाच्या सभागृहनेत्याचं होतं. तो माझा सख्खा धाकटा दीर. आम्ही तळमजल्यावर राहतो, तो वरच्या.

दुसऱ्या दिवशी विरोधकांनी सभागृहाच्या दारातच घोषणा दिल्या. घरातल्या घरात चौकशी, असला फार्स चालणार नाही. सत्ताधाऱ्यांची मागणी उलटी होती. साक्षी बंद दाराआड घ्या, नाहीतर पक्षाची बदनामी होते. दोघांनाही न्याय हवा होता, फक्त तो आपल्या बाजूनं.

संध्याकाळी दीर खाली आला. खुर्चीत बसलासुद्धा नाही.

"वहिनी, मला बोलावणार हाय काय?"

"बोलावणार."

"घरचा माणूस हाय मी. कोपऱ्यात बसवून विचारा, सगळं सांगतो. पत्रकारांम्होरं कशाला?"

"भावजी, कावीळ काय कोपऱ्यात झाली नव्हती. आजारी पडलेल्यांच्या घरच्यांना ऐकायचंय."

तो माझ्या नवऱ्याकडे वळला. "दादा, तू तरी सांग."

नवरा शेंगा सोलत होता. "घरातलं असतं तर सांगितलं असतं. ह्यात मला काय कळत न्हाय," म्हणाला आणि सोलतच राहिला. दीर जिना चढून गेला, दार आपटल्याचा आवाज खालपर्यंत आला. मला वाईट वाटलं, पण काय करायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. वर्गात इतकी वर्षं जे शिकवलं, ते आता स्वतः करायचं होतं.

साक्षीच्या दिवशी सगळी दारं उघडी ठेवली. बाया, म्हातारी माणसं, मोबाईल उंच धरलेले पत्रकार, सगळे आत आले. दिराचं नाव पुकारलं आणि मी उठले.

"हे माझे दीर आहेत. ह्यांची साक्ष मी घेणार नाही. ती होईपर्यंत अध्यक्षपद समितीतल्या विरोधी पक्षाच्या ज्येष्ठ सदस्यांनी सांभाळावं."

ते ज्येष्ठ सदस्य म्हणजे गुळाचे व्यापारी, आवाज दणदणीत, घोषणांत सगळ्यांत पुढे. ते माझ्याकडे बघतच राहिले. "मी? ताई, चेष्टा करता काय?"

"बसा की. तुम्हालाच न्याय पाहिजे होता."

ते बसले. मी खाली लोकांत जाऊन बसले.

दिरानं लपवलं नाही. "व्हय, मीच फोन केलता. लोक टँकरला वैतागलेले. तपासणी झाली का, ते विचारलं न्हाय."  तेवढ्यात समितीतला विरोधकांचा एक तरुण सदस्य उठला. "मागच्या निवडणुकीत आमचे फलक तुमच्याच माणसांनी फाडले, खरं का खोटं?"

त्याच्या बाजूची माणसं हसली. अध्यक्षांच्या खुर्चीतले व्यापारी हसले नाहीत. क्षणभर ते घुटमळले, मग टेबलावर हात आपटला. "हितं पाण्याचा विषय हाय. फलकाचं बाहेर बोल. बस खाली!"

सत्ताधाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. "आणि तुम्ही बी गप्प बसा," ते त्यांच्यावरही कडाडले, "पोरं पिवळी पडली आणि टाळ्या कसल्या वाजवताय?"

त्यानंतर फार्स हा शब्द कुणी काढला नाही. अहवालात आम्ही लिहिलं की फोन सभागृहनेत्यानं केला आणि अभियंत्यानं नकार द्यायला हवा होता. तपासणीशिवाय पाणी सोडायचं नाही, असा ठरावही पुढं मंजूर झाला. अहवालावर दोन्ही बाजूंनी सह्या केल्या. त्या तरुण सदस्यानं मात्र वेगळं मत लिहून दिलं, त्यात माझ्यावरही टीका होती. ते मी शब्दही न गाळता अहवालाला जोडलं.

दिरानं नेतेपद सोडलं. बरेच दिवस तो माझ्याशी बोलला नाही, जाऊ मात्र वाटीभर कालवण घेऊन येत राहिली. मग एका रविवारी आमच्याकडे तांबडा-पांढरा रस्सा शिजत असताना तो दारात उभा राहिला.

"राग गेला न्हाय अजून," तो म्हणाला.

"नसू दे की. हात धुवून या, पान वाढते."