उपरण्याखालचा हात

आमच्या गावच्या ज्वारीचा भाव पाडायला एका अडत्यानं मला फसवलं, आणि माझ्या आडून माझ्या गावाला फसवलं. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, पण माझा राग जिथल्या तिथे आहे.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतं झालं होतं. मी माझं गाव उंद्री सोडून तालुक्याच्या गावी मॅट्रिकला येऊन राहिलो होतो. भाड्याची खोली एका गोठ्याच्या मागच्या अंगाला होती. संध्याकाळी स्टो पेटवायचा, भाकरी थापायची, भिंतीकडे तोंड करून खायची. आठ-आठ दिवस मास्तरांना दिलेल्या 'हजर'शिवाय तोंडातून शब्द निघत नसे. वाट पाहायची ती शनिवारची. आमच्या गावच्या गाड्या त्या दिवशी धान्य घेऊन अडतीवर येत आणि रिकाम्या परत जात. आमच्या शेजारचे आबा मला त्यांच्या गाडीत घेत. माझ्यासाठी मागच्या बाजूला घोंगडीची घडी टाकलेली असे. पाय खाली सोडून बसायचं आणि गावाच्या गप्पा ऐकत जायचं. त्या घडीवर बसलो की मी पुन्हा कुणाचा तरी होत असे.

अडतीवर शाळेनंतरचं काम मिळालं ते मी स्वतः सौदा करून मिळवलं. मी अडतीच्या मालकाला, शेटजींना, म्हणालो, "मजुरी कमी द्या, पण बोटं शिकवा." त्या काळी भाव उघड बोलत नसत. अडत्या आणि खरेदीदार उपरण्याखाली एकमेकांचा हात धरत, बोटं दाबून आकडा सांगत. मान हलली की सौदा पक्का, मग तो मोडायचा नाही, असा रिवाज. ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा राहून नुसतं उपरणं हलताना बघे. मला त्या उपरण्याच्या बाहेर जन्म काढायचा नव्हता. शेटजी हसले, म्हणाले, "पोरगा पक्का आहे. ये उद्यापासून."

काम मला पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. ज्वारीची धूळ नाकातोंडात जायची. सांडलेले दाणे झाडून गोळा करायचे, हमालांना चहा आणायचा, खरेदीदाराच्या जोड्यांवर नजर ठेवायची. बोटांचं विचारलं की "आज नाही, उद्या." नावानं तर कुणी हाकच मारत नसे. शेटजी म्हणत, "ए उंद्री, चहा सांग. ए उंद्री, पोतं सरकव." मी समजत होतो की कामावर मला ठेवलंय. ठेवलं होतं उंद्रीला.

दुसऱ्या शनिवारी आमच्या गाड्या आल्या. भाव मनासारखा मिळत नाही म्हणून आधीपासूनच कुरबुर होती. आबा शेटजींना तोंडावर म्हणाले, "त्या फडक्याखाली तुमचं काय चालते, आमाले काय माहीत?"

"मग तुमचाच माणूस हात घालील," शेटजी म्हणाले. "आता तर झालं? ये रे उंद्री. शिकायचं होतं ना तुला?"

माझी छाती फुगली. साऱ्या गावासमोर मी उपरण्याखाली हात घातला. खरेदीदाराचा हात ओला आणि गरम होता. त्यानं माझी बोटं धरली, दाबली, सोडली, पुन्हा धरली. शेटजी माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आलं का ध्यानात?"

दाबलेली बोटं मोजून मला आकडा कळला होता. मी मान हलवली.

शेटजींनी उपरणं झटकन ओढलं आणि मोठ्यानं म्हणाले, "सौदा झाला! उंद्रीनंच मान हलवली."

"काय भाव देल्ला बे?" आबांनी विचारलं.

मी सांगितला. मागल्या खेपेपेक्षा खालचा होता. पोत्यांना हमालांचे लोखंडी आकडे लागलेसुद्धा.

मी ओरडलो, "शेटजी, मी तर शिकत होतो! ध्यानात आलं म्हणून मान हलवली!"

"अरे, शिकलास ना? मग रडतोस कशाला?" ते म्हणाले, आणि हमाल खो-खो हसले.

मी त्यांच्या हातातलं उपरणं ओढून गादीवर फेकलं. "आग लावा तुमच्या अडतीले," म्हणालो आणि निघालो. नोकरी संपली. तिचं मला तेव्हाही काही वाटलं नाही.

मी धावत नाक्यावर गाड्यांपाशी गेलो. आबा बैल जुंपत होते.

"आबा, मले खरंच माहीत नव्हतं."

"मान तुहीच हालली ना?"

"हाव, पण..."

"मंग झालं." त्यांनी मागची घोंगडी उचलली, पुढे नेली, स्वतःखाली घातली आणि बसले. दुसऱ्या गाडीतून कोणीतरी बोललं, "त्याच्यासंग काऊन बोलता? तो आता शेटचा माणूस होय." सगळी गाडी हसली. बैल निघाले. धूळ खाली बसेपर्यंत मी नाक्यावर उभा होतो.

त्यानंतर शनिवारी मी नाक्यावर जायचं सोडलं. गावी जायचं तर पायी जात असे, तेही शेतांमधल्या पांदीनं, कुणी समोर येऊ नये म्हणून. मॅट्रिक त्या खोलीतच झालो. पुढे कुणाचं बोट न धरता धंद्यात उतरलो, आज माझी स्वतःची अडत आहे, शेटजींच्या समोरच्याच रांगेत. माझ्याकडे भाव तोंडानं बोलतात, चारचौघांत. तरी उंद्रीच्या गाड्या अजून माझं दुकान ओलांडून पुढे जातात. आबा गेले, त्यांची घोंगडी गेली, पण ती हललेली मान गावात अजून सांगतात.

शेटजी, तुम्ही अजून त्याच गादीवर बसता. तुम्ही म्हणता, पोरासोरांची जुनी गोष्ट आहे, सोडा. मी एकही सौदा असा सोडलेला नाही. हे लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवतील. मग उठा, उंद्रीला या, पारावर उभे राहा आणि त्या दिवशी माझ्या कानात काय विचारलं होतं ते मोठ्यानं सांगा. उपरणं घरी ठेवून या.