मामाचे तीन काळ

इंग्रजीपायी आजवर कितीतरी लोकांना घाम फुटला असेल, पण तिच्यापायी राहतं घर तीन काळांत वाटून टाकणारा माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे माझा धाकटा मामा. ऐंशीच्या दशकात तो अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होता. हात सोन्याचे, पण सुपरवायझर व्हायचं तर साहेबांना इंग्रजीत उत्तरं देता आली पाहिजेत अशी अट. त्याच्यामागून लागलेली पोरं त्याच्या डोक्यावर जाऊन बसली आणि हे मामाला फार लागलं. म्हणून ड्यूटी सुटली की तो उल्हासनगरला, कॅम्प दोनच्या बाजारात एका कापडदुकानाच्या माळ्यावर चालणाऱ्या क्लासला जायचा. तिथले सिंधी मास्तर सांगायचे, ‘‘पहले टाइम पकडो साईं, वर्ब अपने आप आएगा!’’

मामाने टाइम पकडला तो फिटरच्या पद्धतीने. कारखान्यात प्रत्येक पान्याची खुंटी ठरलेली असते, मग काळाची का नको? पालेगावच्या रस्त्याला त्याचं बैठं घर होतं. मागचं अंगण भूतकाळ, मधली खोली वर्तमान, पुढचा ओटा भविष्य. इंग्रजीत जे बोलायचं ते त्या त्या जागी जाऊनच. मी सुट्टीत गेलो की ‘जेवलास का’ विचारायला तो मला अंगणात न्यायचा आणि ‘राहणार का’ विचारायला ओट्यावर. संध्याकाळपर्यंत इतक्या फेऱ्या व्हायच्या की मी जेवलोय की जेवणार आहे, हे माझं मलाच कळेनासं व्हायचं. एकदा मामी त्याला दुधावर लक्ष ठेवायला सांगून शेजारी गेली. दूध वर येऊ लागलं, मामा वाक्य जुळवू लागला. वाक्य जुळेपर्यंत दूध उतू गेलं. मामी परतताच तो ‘‘एक मिनिट हां’’ म्हणत अंगणात धावला आणि तिथून त्याने इंग्रजीत वर्दी दिली.

‘‘अहो, आधी स्टोव्ह बंद करा!’’ मामी कळवळून ओरडली.

अखेर मुलाखतीचा दिवस आला. साहेबांनी मागच्या कामाचं विचारलं, मामा उठून खिडकीपाशी गेला आणि अस्खलित बोलला. सध्याचं विचारलं, तो टेबलाशी आला आणि तेही जमलं. मग साहेब म्हणाले, पुढे काय करणार? मामा दार उघडून उंबऱ्याबाहेर उभा राहिला. शिपायाला वाटलं, यांचं आटोपलं. त्याने पुढच्या उमेदवाराला आत सोडलं आणि दार लावून घेतलं. उत्तर मामाच्या तोंडातच राहिलं.

बढती गेली. त्यानंतर मामा ओट्यावर पाऊल ठेवीना. कामालासुद्धा मागच्या दाराने जायचा. चेष्टा करायची आमची छाती होईना. मग एका संध्याकाळी मामीनेच दोन कप चहा ओट्यावर नेला, त्याची खुर्ची ओढून तिथे मांडली आणि शेजारी बसून आत हाक दिली, ‘‘आय विल वेट! बरोबर आहे का हो?’’

आयुष्यात इंग्रजीचा एक धडा तिने गिरवला नव्हता. नुसतं ऐकून ऐकून शिकली होती.

मधल्या खोलीत बहुतेक मामा क्रियापद तपासत असावा. मग तो हळूच बाहेर आला, खुर्चीत बसला आणि गार झालेला चहा उचलून म्हणाला, ‘‘करेक्ट.’’

सुपरवायझर तो शेवटपर्यंत झाला नाही. आता त्या जागी इमारत उभी आहे आणि ती दोघंही नाहीत. तिथून जाताना मी मात्र जरा थांबतो, आणि ओटा नेमका कुठे होता ते शोधत राहतो.