शेवंताच्या माहेरचा पाहुणा

मी वकील आहे. त्यामुळे कोणी 'असं घडलं म्हणे' म्हटलं, की माझं डोकं उठतं — म्हणे म्हणजे कोण म्हणे? त्याला साक्षीला आणा! या विषयावर सासूबाईंशी माझे इतके वाद झालेत, की आता त्या माझ्यासमोर लिंबूसुद्धा फक्त सरबतासाठीच कापतात. हे लिहिताना म्हणूनच माझी मलाच लाज वाटतेय. पण गेले आठ महिने ही गोष्ट पोटात घेऊन फिरतेय आणि आता सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा, त्यांच्या जागी मीही हसले असते.

ठिकाण — कोल्हापूर, कसबा बावड्यातलं कोर्ट. वेळ — एप्रिलमधली भर दुपार. अमावस्या नाही, पिंपळ नाही... बाहेर रणरणतं ऊन आणि आत पंख्याखाली घामेजलेले काळे कोट.

आधी केस सांगते. ज्या सरांकडे मी ज्युनिअर म्हणून शिकले, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांच्या फायली माझ्याकडे आल्या. त्यातली एक हिराबाईंची. शाहूवाडी तालुक्यातल्या एका वाडीवरच्या या विधवा बाई, वय सत्तरीच्या आसपास. एकुलता एक मुलगा कागलच्या एमआयडीसीत कामाला होता. ड्युटीवरून परतताना त्याला ट्रकनं उडवलं. सरांनी केस लढवून भरपाई मिळवली. बाई निरक्षर आणि एकट्या, म्हणून कोर्टानं ती रक्कम त्यांच्या नावावर ठेव म्हणून बँकेत ठेवायला लावली होती. व्याज त्यांना मिळत राहील, पण मुद्दलाला कोर्टाच्या परवानगीशिवाय कोणी हात लावायचा नाही. या हिराबाईंना मी कधीच पाहिलेलं नव्हतं.

तर एक दिवस त्यांचा पुतण्या धनाजी माझ्या टेबलाशी आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तोंडात मॅडम-मॅडम. काकूंचं हृदयाचं ऑपरेशन आहे म्हणाला, ठेव मोडायला लागेल. हॉस्पिटलचा खर्चाचा कागदही होता. पैसे काकू आणि तो अशा दोघांच्या खात्यावर घ्यायचे होते. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ह्यातलं ईस टक्के तुमचं, मॅडम. आधीच कापून घ्या की."

झालं! माझं टाळकं सटकलं. पक्षकाराच्या पैशात वकिलानं वाटा घ्यायचा नसतो, त्याचा हिशेब वेगळा ठेवायचा असतो, बार कौन्सिलकडे तक्रार गेली तर सनद जाते — असं मी त्याला सगळ्यांदेखत झापलं. त्यानं कानाला हात लावले, चुकलं म्हणाला. आणि मी... मी स्वतःवर एवढी खूश झाले, की संध्याकाळी नवऱ्याला हा किस्सा दोनदा ऐकवला. दुसऱ्यांदा तर अभिनयासकट.

आणि या खुशीतच माझं चुकलं.

कोर्टात प्रतिज्ञापत्राच्या शेवटी एक ओळ असते — 'मी या व्यक्तीस ओळखते.' तिच्याखाली वकिलाची सही. समोर उभं असलेलं माणूस खरंच तेच आहे, याची ती हमी. साहेब लोक त्या सहीवर विश्वास ठेवतात. पण खरं सांगू? ही सही आम्ही डोळे मिटूनही करतो. पक्षकार आधार कार्ड पुढे करतो आणि त्याच्या तोंडाकडेही न बघता आम्ही 'ओळखते' म्हणून मोकळे होतो. कोणी कोणाला ओळखत नसतं. वीस टक्क्यांवरून एवढी उसळणारी मी, या सहीला दोन सेकंदही देणार नव्हते. आणि त्या एका सहीवर एका म्हातारीचा सगळा आधार जाणार होता.

फाईल मी त्याच संध्याकाळी शिंदेमामांकडे टायपिंगला दिली. मामा कोर्टाबाहेर तीस वर्षं टायपिंग करतात. आमच्या चुका तेच दुरुस्त करतात, त्यांच्या चुका मला तरी आठवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. जेवणाच्या सुट्टीत आजूबाजूची टेबलं रिकामी झाली आणि मी डबा उघडला. पहिला घास तोंडात, तेवढ्यात समोर एक माणूस! पन्नाशीचा, बुटका, डोक्याला टोपी, डाव्या भुवईत खाच. आणि पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. त्या उन्हात! फरशीवर त्याच्या पायांखाली पाणी साचत होतं, आणि मला पहिला राग आला तो फरशी ओली होतेय याचा.

"शेवंताला वळखता न्हवं, वकीलबाई?"

मी म्हटलं, या नावाची माझी कोणी पक्षकार नाही, आणि आत्ता सुट्टी आहे.

"हाय की. कागदावर हिराबाई म्हणत्यात तिला. मी तिच्या म्हायारचा."

भावकीचं भांडण असणार, मी मनात म्हटलं. असले पाहुणे तारखेच्या दिवशी हटकून उगवतात. मी त्याला तीननंतर यायला सांगितलं.

तो जागचा हलला नाही. म्हणाला, "हिराबाई म्हटल्यावर कुणीबी वळून बगंल. शेवंता म्हणून हाक मारा. वळखल्याबिगर सही करू नगा."

मला कायदा शिकवू नका काका, असं काहीतरी मी तोडून बोलले आणि डब्यात मान घातली. वर पाहिलं तर माणूस नाही. फरशीवर ओले ठसे तेवढे होते, माझ्या टेबलापाशीच... येताना-जातानाचे नाहीत. हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही, बरं का! मी शांतपणे भाकरी संपवली.

तीन वाजता धनाजी एका म्हातारीला घेऊन आला. कपाळापर्यंत पदर, खाली मान. आधार कार्डावरचा फोटो इतका पुसट, की तो कोणाचाही म्हणता आला असता. मामांनी कागद आणून दिले, मी ते न वाचता शपथ देणाऱ्या साहेबांच्या टेबलावर ठेवले आणि ओळखीच्या सहीसाठी पेनचं टोपण काढलं. साहेबांनी कागद उचलला आणि वाचून पुकारलं,

"शेवंता गणू... हजर आहेत?"

माझा हात तिथंच थांबला. अंगावर काटा म्हणजे काय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

साहेबांनी पुन्हा पुकारलं. बाकावरची म्हातारी ढिम्म. आपल्याला हाक मारली जातेय, हे तिच्या गावीही नव्हतं. मी कागद जवळजवळ हिसकावून घेतला. वर अर्जात हिराबाई, सगळीकडे हिराबाई, आणि प्रतिज्ञापत्राच्या पहिल्याच ओळीत — 'मी, शेवंता गणू'!

धनाजी हसत पुढे आला. "टायपिंग मिष्टेक हाय, मॅडम. खोडून हिराबाई लिवा की."

मी त्याला बाजूला सारलं आणि म्हातारीसमोर जाऊन बसले. विचारलं, मावशी, तुमचं माहेरचं नाव काय? तिनं धनाजीकडे पाहिलं. तो म्हणाला, हिराबाईच, बदललंच नव्हतं. मी म्हटलं, मी त्यांना विचारतेय. आणि त्या बाईनं पदर मागे केला. साठीचीही नसेल!

"मला काय ठावं न्हाय गं बाई," ती म्हणाली. "तीनशे रुपय हजरी देतो म्हणाला, म्हणून मी आलो. काकू आजारी हाय, तिच्या बदली आंगठा दे म्हणाला. कोर्टाचं म्हटलं असतं तर आलो नसतो."

त्यानंतरचं सगळं वाऱ्यासारखं झालं. धनाजी जिन्याकडे पळाला, आणि मी — अंगात कोट, गळ्यात बँड, पायात हिल्स — त्याच्या मागे पळाले! दोन शिपायांनी त्याला खालच्या दारात धरला. त्याच संध्याकाळी मी कोर्टाला सगळं लेखी कळवलं. मी न बघता सही करणार होते, हेही लिहिलं. ठेव सुरक्षित राहिली आणि धनाजीवर रीतसर तक्रार झाली.

मग मी शिंदेमामांना गाठलं. ते नाव कुठून आलं? मामा माझ्याकडेच बघायला लागले. म्हणाले, मॅडम, काल संध्याकाळी सातला तुमचाच फोन आला, प्रतिज्ञापत्रात शेवंता गणू नाव घाला म्हणालात. मी फोन केलाच नव्हता. माझ्या मोबाईलमध्ये तो कॉल नाही. मामांच्याही नाही. तीन-तीनदा वरखाली करून पाहिलं त्यांनी, शेवटी चष्मा पुसून बसून राहिले. आणि विचार करा — आदल्या संध्याकाळी सातला मला शेवंता हे नाव माहीतच नव्हतं! 'गणू' तर तो माणूसही बोलला नव्हता.

शनिवारी मी नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि शाहूवाडी गाठली. वाडी डोंगराच्या अंगाला, शेवटचं घर. दारात एक म्हातारी शेणी थापत होती. ठणठणीत. ऑपरेशन वगैरे काही नाही. मी हाक मारली — हिराबाई! त्यांनी मान डोलावली, या, बसा म्हणाल्या, आणि थापायचं काम चालूच ठेवलं.

मग मी हळूच म्हटलं, "शेवंता..."

त्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे नाही, माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं. कोण आलंय ते बघायला.

मी शेजारी बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. ठेव शाबूत आहे हे आधी सांगितलं. तेव्हा कळलं, धनाजीनं त्यांना पोराचे पैसे कधीच संपले म्हणून सांगितलं होतं, आणि व्याजातले थोडे हातावर ठेवून तो ते निराधारांचा सरकारी पगार म्हणून खपवत होता. पण त्या रडल्या नाहीत. मग विचारलं, "ह्ये नाव तुला कुणी सांगिटलं?"

लग्न तेराव्या वर्षी झालं होतं त्यांचं. सासरी आल्यावर तांदळात अंगठीनं हिराबाई लिहिलं, आणि शेवंता तिथंच संपली. नवऱ्यानं त्या नावानं कधी हाक मारली नाही, पोराला ते ठाऊकच नव्हतं. गणू म्हणजे त्यांचे वडील. माहेरचं गाव धरणात गेलं आणि माणसं चार दिशांना पांगली. सख्खा भाऊ नाही.

मी त्या माणसाचं वर्णन केलं. खरं सांगते, मला वाटत होतं त्या आता ओळखणार... वडील म्हणतील, मामा म्हणतील, आणि माझी सुटका होईल. भिंतीवरचा मुलाचा फोटो मी आल्याआल्याच पाहिला होता — कोवळा, सडसडीत पोरगा. माझ्याकडे आलेला तो नव्हता.

त्यांनी डोळे बारीक करून खूप वेळ आठवून पाहिलं. "बा उंच हुता माझा," त्या म्हणाल्या. "आन भुवईत खाच आमच्यात कुणालाच न्हवती." मग थोड्या वेळानं, "गुडघ्यापतोर ओला हुता म्हंतीस?"

मी हो म्हटलं.

माझ्याकडे याचा काहीही उलगडा नाही. आठ महिने मी हे पुराव्याच्या कायद्यासारखं कलमवार तपासतेय. गावातला कोणी असेल, धनाजीचा वैरी असेल, मामांचा गोंधळ असेल — एक गोष्ट बसवली की दुसरी निसटते. नवरा म्हणतो सोडून दे. मला सोडता येत नाही, आणि खरं म्हणजे सोडायचंही नाही! शेकडो अनोळखी लोकांसाठी मी 'ओळखते' लिहून दिलंय, आणि हा एक माणूस कोण, ते मला सांगता येत नाही.

पण त्या दिवशी त्या म्हातारीला उलगडा नकोच होता. तिनं शेणाचे हात बादलीत धुतले, पदराला पुसले आणि माझा हात धरला.

"कोणबी असू दे. म्हायारचं मानूस आलं हुतं माझ्यासाटनं," ती म्हणाली. "च्या तरी दिलास का त्याला?"

मी त्या माणसाला बस म्हटलं नव्हतं. पाणी विचारलं नव्हतं. डब्यातून मान वर काढली नव्हती.

"दिला की," मी म्हटलं. "दोन कप प्याला. माझ्यातली भाकरी पण खाल्ली."

तिचा चेहरा असा काही फुलला, की मला बघवेना. बरं झालं म्हणाली, आणि आमच्यासाठी चहा टाकायला आत गेली. इतक्या वर्षांच्या वकिलीत पक्षकाराशी मी बोललेलं ते एकच खोटं, आणि ते मी अजून कुठंही लेखी कळवलेलं नाही.